हेमंत, समुद्रकिनारा आणि तीस पानांची पंगत

मार्गशीर्ष सरत आला, की पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक येथील कुटुंबे कोकणच्या वाटेला लागतात. ही वाट पूर्वी मूळ गावाकडे, कुलदेवतेच्या दर्शनाला, गणपती-शिमग्याला जात असे. आता ती नाताळच्या सुट्टीशी जोडली गेली आहे. आजी-आजोबा, तीन-चार भावंडे, सुना, जावई, नातवंडे अशी पंचवीस-तीस माणसे दिवेआगर, मुरूड, आंजर्ले, गुहागर वा तारकर्ली येथे माडांच्या वाडीतील एखादे घर आठवडाभर भाड्याने घेतात आणि वर्षभर चार शहरांत विखुरलेले कुटुंब एका छपराखाली राहून एका चुलीवरचे अन्न जेवू लागते. विभक्त कुटुंबांच्या या काळात ही गोष्ट आम्हांस मनापासून स्वागतार्ह वाटते.

या सहलीचा आपल्या व्यवसायाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अतिसार, शीतपित्त, प्रतिश्याय, मूत्रकृच्छ्र आणि अम्लपित्त यांचे रुग्ण आपल्या चिकित्सालयांत एकदम वाढतात आणि त्यांतील बरेच जण नुकतेच किनाऱ्यावरून परतलेले असतात. मात्र निघण्यापूर्वी यांपैकी क्वचितच कोणी वैद्याकडे आलेला असतो. आलेला असतो तो औषधांच्या दुकानात, ‘प्रवासाचा संच’ मागावयास. म्हणजे सहलीपूर्वी आपण संच विकतो, सहलीनंतर ‘डिटॉक्स’ विकतो आणि ज्या आठ दिवसांबद्दल आपल्या संहितांत भरपूर सांगितलेले आहे, त्यांविषयी मात्र मौन पाळतो. ही पद्धत बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ऋतूचा विचार करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात हेमंताचे जे वर्णन आहे, ते सर्व वाचकांस पाठ असेल. शीत वायूच्या स्पर्शाने कोंडलेला अग्नी या काळी बलवान होतो, मात्रेने व द्रव्याने गुरू असलेले अन्न पचवू शकतो आणि योग्य इंधन न मिळाल्यास शरीरातील रसालाच खाऊ लागतो. म्हणून स्निग्ध, अम्ल, लवण आहार, औदक व आनूप प्राण्यांचे मांस, अभ्यंग, उष्ण जल यांची योजना तेथे सांगितली आहे. यातील ‘औदक’ या शब्दाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. डिसेंबरात किनाऱ्यावर जाऊन ताजे मासे खाणे हे निरोगी, मत्स्यसात्म्य माणसाच्या बाबतीत शास्त्राला धरूनच आहे. ‘कोकणात जाताय, मासे टाळा’ असे सरसकट सांगणारे आमचे काही व्यवसायबंधू शास्त्राच्या नावाने आपली वैयक्तिक रुची सांगत असतात.

परंतु ऋतूबरोबर देशही येतो. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात आनूप देशाचे जे चित्र आहे, त्यात नारळी-केळीची दाट वने आहेत, समुद्राची सीमा आहे आणि वात-कफप्रधान माणसे आहेत. कोकणपट्टीचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. पुण्यात पहाटे कडाक्याची थंडी असताना रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दुपारी पारा ३० अंशांच्या वर असतो आणि हवा दमट असते. घाटमाथ्यावरच्या थंडीत वाढलेली भूक घेऊन माणूस कुंभार्ली किंवा ताम्हिणी उतरतो आणि चार-सहा तासांत दुसऱ्याच हवेत शिरतो. पंचांगात हेमंत असला, तरी दुपारी दोन वाजता वाळूवर हेमंत नसतो. पहिल्या दिवशी पहिल्याच जेवणात सुरमई, कोळंबी, खेकडे आणि वर मोदक असा बेत होतो, तेव्हा देहाला या बदलाची दखल घेण्यास वेळच मिळत नाही. पहिले दोन दिवस हलका व उष्ण आहार, तिसऱ्या दिवसापासून मेजवानी, एवढा साधा सल्ला दिला तरी निम्मे अतिसार टळतील, असा आमचा अनुभव आहे.

याच अध्यायाच्या, म्हणजे ऋतुचर्येच्या अखेरीस सात्म्याची व्याख्या करताना देशाच्या गुणांविरुद्ध गुणांचा आहारविहार सात्म्य मानला आहे. कोकणातील स्वयंपाकघराने हे सूत्र कोणाकडून शिकले, ते ठाऊक नाही. पण आमटी-पिठल्यात कुळीथ आहे, बांगड्याच्या कालवणात तिरफळ आहे, जेवणाच्या अखेरीस कोकम आहे. कुळीथ उष्ण आणि कफवातघ्न, तिरफळ तीक्ष्ण व दीपन, कोकम म्हणजे आपले वृक्षाम्ल. आनूप देशातील क्लेदाला उत्तर म्हणून याहून चांगली योजना एखाद्या निष्णात वैद्यानेही केली नसती. दुर्दैव असे, की पर्यटक या पंक्तीला बसून पनीर व चिनी नूडल्स मागतो आणि यजमानही धंद्याच्या भीतीने ते पुरवतो. घरमालकाच्या घरी जे शिजते तेच आम्हांला वाढा, असे सांगण्याचा आग्रह वैद्याने धरावा.

आता त्या प्रश्नाकडे वळू, जो प्रत्येक वैद्याला दर हिवाळ्यात विचारला जातो. मासे आणि सोलकढी एकत्र चालते का? यात नारळाचे ‘दूध’ असते ना? आमचे मत असे, की हा घोळ केवळ शब्दसाधर्म्याचा आहे. संहितांतील क्षीरवर्गात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंटीण, हत्तीण, घोडी आणि स्त्री यांची आठ दुधे आहेत. नारळाचा पिळून काढलेला रस त्यांत नाही. नारळाचे गुण फलवर्गात स्निग्ध, शीत, मधुर, बृंहण व बल्य असे वेगळे सांगितले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मत्स्याहारासोबत सोलकढी घेणाऱ्या समाजाला ती सात्म्य आहे आणि तीतील कोकम पाचनाला साह्यच करते. ज्याला विरुद्धाहार म्हणावे तो निराळाच असतो. रात्री साडेदहाला मासळीचे जेवण, अकरा वाजता आइस्क्रीम किंवा मिल्कशेक आणि तेही दहा वर्षांच्या मुलांना. मत्स्य व दुग्ध दोन्ही मधुर व महाअभिष्यंदी, वीर्याने मात्र परस्परविरुद्ध, म्हणून रक्तदुष्टी व मार्गावरोध, हे सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायातील विवेचन येथे लागू पडते. तेथेही भद्रकाप्याने चिलिचिम सोडून इतर मासे दुधाबरोबर चालतील असा आक्षेप घेतला आहे आणि आत्रेयांनी तो नाकारला आहे. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या रुग्णावर चिडण्याचे कारण नाही. तो परिषदेतही विचारला गेला होता.

याच अध्यायाचा दुसरा भाग मात्र आपण रुग्णांना क्वचितच सांगतो. ज्याला ते सात्म्य आहे, जो अल्प प्रमाणात घेतो, ज्याचा अग्नी दीप्त आहे, जो तरुण, स्निग्ध, व्यायामशील व बलवान आहे, त्याला विरुद्ध अन्नही बाधत नाही, असे तेथेच म्हटले आहे. हा भाग गाळून केवळ व्याधींची यादी सांगितली, तर काय होते, हे आम्ही एका परिचित कुटुंबात पाहिले. सहलीनंतर सहा महिन्यांनी घरातील अविवाहित मुलीच्या हातावर पांढरा डाग उमटला. घरातील वडीलधाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की ‘मासे खाऊन वर खरवस खाल्ला, त्याचे हे फळ’. पुढे दोन वर्षे त्या मुलीला घरात दूध आणि मासे दोन्ही मिळाले नाहीत. बोलणी मात्र पोटभर मिळाली. विरुद्धाहारजन्य व्याधींच्या यादीत किलास आहे, हे खरे. पण श्वित्राच्या संप्राप्तीत शरीराची स्वतःचीच प्रतिकारव्यवस्था रंगपेशींवर उलटते, हे आज पुरेसे स्पष्ट झालेले आहे आणि एका रात्रीच्या एका ताटावर तो डाग लादण्याचा अधिकार कोणत्याही संहितेने कोणाला दिलेला नाही. वैद्याने अर्धे वचन सांगितले, की कुटुंब त्याचे पूर्ण हत्यार करते.

दुसरी एक गल्लत याहून नित्याची आहे. मासे खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे, धडधडणे, अशी लक्षणे झाली, की आपण लगेच शीतपित्त, विरुद्धाहार असे निदान करतो. बांगडा, सुरमई, कुपा यांसारखे मासे पकडल्यावर पुरेशा बर्फात ठेवले नाहीत, तर त्यांत हिस्टामीन तयार होते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही. एकाच ताटातून जेवलेल्या चार-पाच जणांना एकाच वेळी ही लक्षणे होणे ही त्याची खूण. अशा वेळी ‘दूध घेतले होते का?’ या प्रश्नाआधी ‘मासा कोठून, किती वाजता आणला, गाडीत किती वेळ होता?’ हे विचारावे. हर्णे बंदरात लिलावात मासळी उत्साहाने घेऊन ती पिशवीत घालून दोन तास किनाऱ्यावर फिरणारी कुटुंबे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. आणि श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, तर हरिद्राखंडाची वाट पाहू नये, रुग्णालय गाठावे.

पंगतीत तीस पाने मांडलेली असली, तरी ती तीस वेगवेगळ्या प्रकृतींची असतात. विमानस्थानात आहारविधीची जी आठ विशेष आयतने सांगितली आहेत, त्यांतले आठवे आयतन ‘उपयोक्ता’, म्हणजे जेवणारा माणूस. एरवी रुग्ण एकटा येतो, म्हणून या आयतनाचा अर्थ आपल्याला पुस्तकी वाटू लागतो. एका घरातील एकच पदार्थ आजोबा, गर्भवती नात, मधुमेही काका आणि पाच वर्षांचा नातू यांच्या पानात पडतो, तेव्हा तो जिवंत होतो. शहाळ्याचेच उदाहरण घ्या. तृष्णाशामक, मूत्रल, बस्तिशुद्धिकर म्हणून आपण ते मुक्तकंठाने सुचवतो आणि वाडीत ते झाडावरूनच उतरते. मात्र त्यात पोटॅशियम भरपूर व सोडियम अल्प असते. ज्यांचे वृक्क क्षीण झालेले आहेत, किंवा जे रक्तदाबासाठी पोटॅशियम वाढवणारी आधुनिक औषधे घेतात, अशा वृद्धांनी दिवसाला तीन-चार शहाळी पिणे जिवावर बेतू शकते. त्याच कारणाने जुलाब होणाऱ्या बालकाला केवळ शहाळ्यावर ठेवणे पुरेसे नाही. त्याला जलसंजीवनीच दिली पाहिजे, मग सोबत कुटज असो वा बिल्व. मधुमेही काकांचे इन्सुलिन गाडीच्या काचेखालील उन्हात राहते, याचाही विचार ते बंद करावयाचे की नाही या चर्चेपूर्वी व्हावा. ते बंद करण्याचा सल्ला प्रवासाच्या तोंडावर कोणत्याही वैद्याने देऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. पण सांगावे लागते.

सहलीतील सर्वांत उपेक्षित विषय वेगधारणाचा. घाटात आणि महामार्गावर स्वच्छ स्वच्छतागृह नाही, म्हणून घरातील स्त्रिया पहाटेपासून पाणीच पीत नाहीत. मुक्कामी पोहोचल्यावर तीस माणसे आणि दोन शौचकूप. आजोबांना भारतीय पद्धतीच्या शौचकूपात बसता येत नाही, ते तीन दिवस जातच नाहीत आणि कोणाला सांगतही नाहीत. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मूत्र व पुरीष यांच्या वेगधारणाने होणारी जी लक्षणे दिली आहेत, ती या घरांत चौथ्या दिवशी एकेक दिसू लागतात. घर ठरविण्यापूर्वी ‘समुद्र किती पावलांवर?’ याबरोबर ‘शौचालये किती आणि कमोड आहे का?’ हे विचारा, असे आम्ही आमच्या रुग्णांना सांगतो. त्यांना हसू येते, पण ते विचारतात. याच ओघात आणखी एक. त्या घरातील वडील सून सुट्टीत असते का? तीस माणसांचा सकाळचा चहा, नाश्ता आणि रात्री उशिराची भांडी तिच्याच वाट्याला येत असतील, तर श्रम, रात्रीजागरण आणि अवेळी भोजन या तीन हेतूंनी आजारी पडणारी पहिली व्यक्ती तीच असणार. स्थानिक स्वयंपाकीण मोबदला देऊन ठेवणे ही खर्चाची बाब नसून प्रतिबंधात्मक चिकित्सा आहे, असे त्या घरच्या पुरुषांना वैद्यानेच ऐकवावे.

समुद्रस्नानाबद्दल थोडक्यात. जेवल्यावर, अजीर्णात, प्रतिश्यायात व कर्णरोगात स्नान निषिद्ध, हे अष्टांगहृदयातील वचन समुद्राला अधिकच लागू आहे. मद्य घेऊन पाण्यात उतरणाऱ्यास कोणतेच शास्त्र वाचवू शकत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, ते भरदिवसा आणि मित्रांच्या डोळ्यांदेखत. स्थानिक कोळी ‘आता उतरू नका’ म्हणाला, की उतरू नये.

आता आपल्या दुकानांकडे पाहू. औषधी विक्रेते हे या त्रैमासिकाचे निम्मे वाचक आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. ‘प्रवासाचा संच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत संजीवनी वटी आणि आनंदभैरव रस आम्ही पाहिले आहेत. संजीवनीत वत्सनाभ व भल्लातक आहे. आनंदभैरवात हिंगूळ व वत्सनाभ आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई (१) मध्ये ही द्रव्ये समाविष्ट आहेत आणि अशी द्रव्ये असलेल्या, पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. ती सूचना छापलेली बाटली, कोणतीही विचारपूस न करता, तीस माणसांच्या कुटुंबाला ‘पोट बिघडले तर दोन-दोन गोळ्या’ म्हणून देणे याला औषधविक्री म्हणता येणार नाही. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीसाठी परवाना लागत नाही. म्हणूनच विक्रेत्याच्या विवेकावरील भार अधिक आहे. अमृतधारेचेही तसेच. कापूर, ओवासत्त्व व पुदिनासत्त्व यांचे ते मिश्रण गुणकारी खरे, पण लहान मुलाने बाटलीतून थोडे जरी गिळले, तरी कापरामुळे आक्षेपक येऊ शकतात आणि सहलीच्या घरात पिशव्या मुलांच्या हाताच्या उंचीवर पडलेल्या असतात. आसवारिष्टांतील गूळ-साखर व स्वयंजनित मद्यांश यांची कल्पना मधुमेही ग्राहकाला आणि गाडी चालविणाऱ्याला द्यावी. आमच्या मते संचात कुटजघन वटी, हिंग्वाष्टक चूर्ण, सुंठ, त्रिफळा, अभ्यंगासाठी तीळतेल आणि जलसंजीवनीची पाकिटे एवढे पुरते. यात नफा कमी आहे, हे आम्ही जाणतो.

परतल्यावरच्या ‘नववर्ष डिटॉक्स’ योजनांबद्दल तर आश्चर्य वाटते. पाच दिवसांत वमन-विरेचन आणि वर कुटुंबासाठी सवलत, अशा जाहिराती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झळकतात. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात हेमंत, ग्रीष्म व वर्षा या ऋतूंत, आत्ययिक अवस्था वगळता, शोधन न करण्याचे कारणांसह सांगितले आहे. अतिशीताने देह पीडित, दोष विबद्ध, अशा काळात शोधन केल्यास त्याचा अयोग होतो. आठवडाभर जास्त जेवलेल्या निरोगी माणसाला लंघन, सुंठीचे पाणी आणि दोन दिवस पेया पुरते; त्याचे बिल होत नाही, एवढाच त्यातील दोष. ज्यांना खरोखर कफशोधनाची गरज आहे, त्यांना वसंतापर्यंत थांबावयास सांगावे.

मग करावे काय? सहलीच्या पंधरा दिवस आधी कुटुंबातील एका जबाबदार व्यक्तीला बोलवावे. सुनेलाच बोलवावे असे नाही, एखादा भाऊही चालेल. प्रत्येकाचे नाव, वय, चालू औषधे, आधुनिक औषधांसह, आणि काय सोसत नाही, हे एका कागदावर लिहून घ्यावे. तीसपैकी पाच-सहा जणांनाच वेगळा सल्ला लागतो; तो त्यांच्या नावापुढे लिहावा. या कामाचे अर्ध्या तासाचे शुल्क घ्यावे आणि ते औषधखरेदीशी जोडू नये. नातवाच्या मोबाइलवरून साऱ्या घरासाठी व्हॉट्सअॅपवर औषध सांगण्याचा मोह टाळावा. कागदाच्या तळाशी मुक्कामाजवळचे ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लिहावा. वाड्यांत फुरसे असते आणि कोकणातील लाल विंचू लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. या विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशस्थानी लेप लावत बसण्यात गेलेला तास हा त्या मुलाचा तास असतो, हेही कागदावर लिहावे. मुलांना रात्री बूट झटकून घालण्याची सवय लावावी आणि वाडीत विजेरीशिवाय पाऊल टाकू देऊ नये.